साईटवर सगळं लिहिलंय, तरी लोक फोन का करतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे पुढचं नीट लागेल. सातपूरला तुमची पॅथॉलॉजी लॅब आहे, वेबसाईट करून दोन वर्षं झाली, वेळ, रेट, कोणत्या टेस्टला उपाशी यायचं हे सगळं त्यावर टाकलंय, तरी सकाळी सहापासून फोन सुरू होतो आणि लोक नेमकं तेच विचारतात. आणि दुसरं म्हणजे तुमचा भाचा म्हणतोय की साईट ऍक्सेसिबल पाहिजे, म्हणजे अंध, कमी दिसणाऱ्या, वयस्कर सगळ्यांना वापरता येईल अशी, तर एवढ्या छोट्या लॅबला ते लागतं का.

मला विचाराल तर हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. मी १७ वर्षं नाशकात हेच काम करतेय, दवाखाने, खतं-औषधांची दुकानं, क्लासेस, द्राक्ष एक्स्पोर्टवाले यांच्या साईटचं मराठी लिहायचं आणि कुणीतरी बिघडवून ठेवलेलं दुरुस्त करायचं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली, जे पान स्क्रीनकडे न बघता नुसतं ऐकून कळतं ते बघणाऱ्यालाही कळतं, आणि जे ऐकून कळत नाही ते बघणाराही अर्धंच वाचतो आणि फोन उचलतो.

हे मला एका रिटायर्ड सरांमुळे कळलं. काचबिंदूने त्यांची नजर गेलेली. मी एका संस्थेची साईट केली होती, दिसायला छान, मला अभिमान वाटत होता, आणि सहज म्हणून त्यांना दाखवायला गेले. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, टॉकबॅक चालू होतं, म्हणजे अँड्रॉईडमध्ये स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारी सोय, आणि बोटाने पुढेपुढे सरकवत ऐकायला लागले. फोन बोलला, "इमेज. बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर दोन." मग "लिंक, येथे क्लिक करा." मग परत "लिंक, येथे क्लिक करा." तिसऱ्यांदाही तेच. सर थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, इथे म्हणजे कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. तिन्ही लिंक वेगवेगळ्या होत्या, एक अर्जाची, एक फीची, एक पत्त्याची, पण तो फरक मी फक्त शेजारच्या चित्रात ठेवला होता. त्या दिवसापासून माझ्या हातून गेलेल्या एकाही पानावर "येथे क्लिक करा" नाहीये.

तुमची साईट मी काल रात्री अशीच ऐकली. पहिलं मिनिट गेलं तरी लॅब सातपूरला आहे हे कळलं नाही. आधी लोगो, मग सरकणारे तीन बॅनर, मग "आमच्याविषयी" मधला परिच्छेद ज्यात अत्याधुनिक, विश्वासार्ह, गुणवत्तापूर्ण हे शब्द आहेत, मग डॉक्टरसाहेबांचं मनोगत. वेळ सगळ्यात खाली, तीही फोटोत. सकाळी सहाला आईला रिक्षात बसवून निघायचंय, चहा द्यायचा की नाही एवढंच बघायचंय, त्या मुलाने हे सगळं ओलांडून खाली जायचं? तो फोनच करणार, त्याचं बरोबरच आहे.

तुम्हीही ऐका. सेटिंगमध्ये ऍक्सेसिबिलिटी म्हणून असतं, मराठी फोनमध्ये नाव थोडं वेगळं असू शकतं, त्यात टॉकबॅक चालू करा. चालू केलं की एकदा टच केल्यावर फोन फक्त बोलतो, उघडायला दोनदा पटपट दाबायचं, पुढे जायला बोट डावीकडून उजवीकडे सरकवायचं. घाबरू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांचीच धांदल उडते. आयफोनला व्हॉईसओव्हर आहे, कॉम्प्युटरला एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणाने लिहायला घेतलं, आणि जगभर लाखो लोक वापरतात. दहा मिनिटं डोळे मिटून ऐका, मग मी खाली जे सांगतेय ते अर्धं तुम्हालाच सुचेल.

आता भाषा, कारण खरी मेख तिथेच आहे. तुमच्या साईटवर असं लिहिलंय, "रक्तशर्करा तपासणीकरिता रुग्णांनी किमान आठ तासांचे उपोषण करणे अनिवार्य असून पाण्याचे सेवन अनुज्ञेय आहे." यात चूक काही नाही. पण उपोषण म्हटलं की आपल्याकडे एकतर एकादशी आठवते नाहीतर कलेक्टर ऑफिससमोरचा मंडप, आणि एकादशीला साबुदाणा खिचडी चालते की! अनुज्ञेय म्हणजे चालतं की चालत नाही हेही कितीजणांना पटकन कळेल मला शंका आहे. हेच असं लिहा:

"उपाशीपोटीची शुगर करायची असेल तर रात्री जेवल्यानंतर किमान ८ तास काही खाऊ नका. साधं पाणी प्यायलं तर चालतं. चहा, कॉफी, दूध चालत नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. शुगरची गोळी सकाळी घ्यायची का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून या. जेवणानंतरची शुगर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून २ तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून जेवायला बसलात ती वेळ लक्षात ठेवा."

बघा, लांबी वाढली. साधं लिहिणं म्हणजे कमी लिहिणं असं अनेकांना वाटतं, मला नाही वाटत. चहाचं वाक्य तुमच्या जुन्या मजकुरात नव्हतंच, आणि फोन तर चहासाठीच येतो. वाक्यं मात्र छोटी, एका वाक्यात एकच काम, आणि कोणी काय करायचं ते सरळ. "नमुना संकलित केला जाईल" असं लिहिण्यापेक्षा "आमचा माणूस घरी येऊन रक्त घेईल" लिहा, त्यात कोण येणार तेही कळतं.

शब्द कुठून आणायचे तर फोनवरून. रिसेप्शनवर ज्या ताई बसतात त्यांना एक वही द्या, आठवडाभर लोक ज्या शब्दांत विचारतात ते जसंच्या तसं लिहायला सांगा, शुद्ध करून नाही. "लघवीची टेस्ट", "कावीळ बघायची", "थायरॉईडला उपाशी लागतं का", "अंगातलं रक्त कमी झालंय ती टेस्ट". ही वही म्हणजे तुमच्या साईटची अनुक्रमणिका आहे, मी गंभीरपणे सांगतेय. आणि एक गोष्ट विसरू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीबीसी, एलएफटी, केएफटी हे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं आणि माणूस चिठ्ठी समोर धरून तसंच टाईप करतो. म्हणून प्रत्येक टेस्टला तीन नावं द्या, चिठ्ठीवरचं इंग्रजी अक्षरातलं, मग आपल्या लिपीतलं, आणि मग लोक बोलतात ते, म्हणजे "LFT, एलएफटी, लिव्हरची तपासणी, काविळीत ही सांगतात". अवघड शब्द काढून टाकावेत या मताची मी नाही, चिठ्ठीवर तो शब्द आहे तर पानावरही तो लागणार, फक्त त्याच्या शेजारी त्याचा अर्थ बसवा.

मग ते फोटोतलं मजकूर प्रकरण. तुमचं रेटकार्ड म्हणजे छापलेल्या कागदाचा फोटो, तोही आडवा, आणि वेळापत्रक म्हणजे व्हॉट्सऍपला पाठवलेलं दिवाळीचं डिझाईन. फोटोतली अक्षरं टॉकबॅक धड वाचत नाही, गुगलच्याही ती क्वचितच हाती लागतात, आणि ज्याला दिसतं त्यालाही दोन बोटांनी ताणून इकडून तिकडे सरकवत वाचावी लागतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तेच. मजकूर मजकूर म्हणूनच टाका. फोन नंबर तर नक्कीच, दाबला की लागला पाहिजे. जिथे फोटो खरंच हवा आहे तिथे त्याच्या मागे ऑल्ट टेक्स्ट लिहायचा, म्हणजे फोटो न दिसणाऱ्याला ऐकू येणारं वाक्य. लॅबच्या दाराचा फोटो असेल तर "लॅबचा फोटो" लिहून उपयोग नाही, "तळमजल्यावर लॅबचं काचेचं दार, पायरी नाही, व्हीलचेअर सरळ आत येते" असं लिहा, हे वाचून कुणाच्या तरी घरातला निर्णय होतो. नुसती शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा सोडा, फोन तिला ओलांडून पुढे जाईल.

आता आपल्या मराठीचे खास घोळ, यावर इंग्रजीत शिकणाऱ्या डेव्हलपर पोरांचं लक्षच जात नाही, त्यांची चूक म्हणून सांगत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिला घोळ जुन्या फॉन्टचा. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीत असतो, त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात आणि वर फक्त मराठी आकाराचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर ती अक्षरं उघडी पडतात आणि टॉकबॅक भलतंच काहीतरी इंग्रजीत बरळतं. तुमच्या "आमच्याविषयी"च्या पानावर दोन ओळी अशा आहेत. सगळं युनिकोडमध्ये पाहिजे, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरला सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, मोबाईलच्या कीबोर्डवर मराठीत टाईप केलंत की ते युनिकोडच असतं. त्यातही "दुसऱ्या दिवशी" मधला तो ऱ्या नीट काढा, अर्ध्या लोकांच्या साईटवर "दुसर्या" असतं. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ असतो तो घ्यायचा, मग हलन्त, मग या.

दुसरा घोळ कुणालाच दिसत नाही आणि तो सगळ्यात त्रासदायक आहे. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये अगदी वर एक छोटी खूण असते, हे पान कोणत्या भाषेत आहे. तयार टेम्प्लेट घेतलं की तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं आणि ते कुणी बदलतच नाही. मग होतं काय की स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातं आणि कधी अक्षरं गाळतं, कधी गप्पच बसतं. तुमच्या साईटवर तेच आहे. डेव्हलपरला एवढंच सांगा की पानाची भाषा मराठी करा, त्याचा कोड एम आणि आर, एका मिनिटाचं काम आहे. हिंदी करू नका, हिंदी आवाज मराठी वाचतो तेव्हा "काळजी" आणि "सकाळी" ऐकायला कसं लागतं ते एकदा ऐकाच. शिवाय भाषा मराठी ठेवली की चांगल्या फॉन्टमध्ये आपला मराठी वळणाचा ल आणि श येतो, हिंदीचा नाही.

तिसरं, अक्षरांची जागा. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळी जवळजवळ असतात, इंग्रजीला ते चालतं, आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीपेक्षा कमी ठेवू नका, मी स्वतः १.७ ठेवते. अक्षर मोबाईलवर १८ पिक्सेलच्या खाली नको, देवनागरी त्याच मापात इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. आणि डिझायनर लोक स्टाईल म्हणून दोन अक्षरांतलं अंतर वाढवतात ते मराठीला अजिबात करू देऊ नका, शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे पडल्यासारखं दिसतं. तुमच्या हेडिंगमध्ये "तपासणी" असं तुटलेलं आहे, त - पा - स - णी, वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी ते मनात जोडावं लागतं. तिरकं अक्षरही नको. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि जोडाक्षरं स्वच्छ काढतात.

रंगाचं पटकन सांगते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर डिझायनरच्या एसी केबिनमध्ये छान दिसतं, मे महिन्यात दुपारी सीबीएसला बसच्या रांगेत उभं राहून बघा काय दिसतं ते. यासाठी जगभर मानलेलं माप आहे, साईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नावाच्या नियमावलीत, अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजळपणाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५ ला १ पाहिजे. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १. ज्याला मोतीबिंदू आहे त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे वाचता येणं आणि न येणं यातला फरक आहे. आणि रिपोर्ट तयार असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल ठिपका असं जे तुम्ही केलंय त्यात ठिपक्याशेजारी शब्दही लिहा, "रिपोर्ट तयार" आणि "अजून बाकी", कारण लाल-हिरवा वेगळा न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या आजूबाजूला बरीच असतात आणि ती कुणाला सांगत फिरत नाहीत. झूम बंद केलंय ते आधी चालू करून घ्या. सरकणारे बॅनर काढाच, नाही काढले तर निदान थांबवायचं बटण द्या, पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला ते पाहिजेच असं त्याच नियमावलीत आहे.

हेडिंग म्हणजे नुसतं ठळक अक्षर नव्हे. एडिटरमध्ये हेडिंग म्हणून वेगळा पर्याय असतो तो वापरा, कारण न बघता वाचणारा माणूस हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत जातो, जसं आपण पेपर चाळतो तसं. नुसतं बोल्ड केलेलं त्याला हेडिंग म्हणून सापडतच नाही. आणि हेडिंगमध्ये "सेवा" लिहू नका, "घरी येऊन रक्त घेतो का?" असं लिहा.

होम कलेक्शनचा फॉर्म मी भरून बघितला. नंबर चुकला की लाल अक्षरात "अवैध इनपुट" येतं, कुठल्या रकान्यात ते सांगत नाही. तिथे "मोबाईल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे टाकलेत" असं येऊ द्या. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात आहे, टाईप करायला लागलं की गायब होतं, ते रकान्याच्या वर कायमचं लिहा. माझ्या मावशीला, वय ७१, पंचवटीत राहते, हा फॉर्म दिला तर तिने वयाच्या जागी पिनकोड टाकला, आणि चूक तिची नव्हती, तिथे नाव दिसतच नव्हतं. बटणं जवळजवळ आहेत, तिचं बोट "रद्द करा"वर पडलं आणि सगळं परत भरायला लागलं. नंतर म्हणाली, "राहू दे गं, मी फोन करते." तुमचे सकाळचे फोन कुठून येतात ते बघा.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर, हो, लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात सेवा देणारे सरकारी असोत की खासगी, दोघांचाही उल्लेख आहे. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात असंही म्हटलं की डिजिटल सोयी वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण तुम्ही कायद्याच्या भीतीने करू नका, तुमचे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तेवढं कारण पुरेसं आहे.

खर्चाचं म्हणाल तर यातलं बहुतेक काम लिहिण्याचं आहे. कुणीतरी तुम्हाला एक प्लगिन, म्हणजे साईटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर, विकायला येईल, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र येतं, ते टाकलं की साईट ऍक्सेसिबल झाली म्हणतात. घेऊ नका. अमेरिकेत २०२५ साली असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरावे लागले. फोटोतलं वेळापत्रक ते बटण वाचून दाखवत नाही आणि "अनुज्ञेय"चं "चालतं" करत नाही. गुगल क्रोममध्ये लाईटहाऊस म्हणून फुकट तपासणी असते ती जरूर चालवा, रंग, ऑल्ट, पानाची भाषा हे ती पकडते, पण १०० पैकी १०० आले म्हणून मजकूर कळतो असं समजू नका, मशीनला चहाचं काही माहीत नसतं.

सुरुवात एकाच पानाने करा, "कोणत्या टेस्टला उपाशी यायचं". अगदी वर आजची वेळ, पत्ता, फोन, त्याखाली टेस्टची यादी, प्रत्येकीपुढे "उपाशी या" किंवा "जेवून आलात तरी चालेल". ते पान लिहून झालं की घरातल्या नसलेल्या तिघांना द्या, एक वयस्कर, एक ज्याचं मराठी वाचन जेमतेम आहे, आणि जमलं तर एक न बघता फोन वापरणारी व्यक्ती, आणि त्यांना विचारा, "उद्या थायरॉईडची टेस्ट आहे, सकाळी काय कराल?" तुम्ही मध्ये बोलू नका, बोट दाखवू नका, कुठे अडतात ते वहीत लिहा. मग रेटचं पान, मग रिपोर्टचं.

आणि होम कलेक्शनच्या पानावर "संपूर्ण नाशिक शहर" लिहिलंय ते बदला. सातपूर, अंबड, सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, पंचवटी अशी नावं लिहा, कुठे सकाळी किती वाजता माणूस येतो ते लिहा, आणि म्हसरूळ, मखमलाबाद, देवळालीला जात नसाल तर जात नाही असं स्पष्ट लिहा, कारण रिसेप्शनवरच्या ताईंना विचारून बघा, तिकडचेच फोन सगळ्यात जास्त असतील.